सावकाश ठरवा

३ ऑगस्ट, रविवार

औषध कंपनीनं जानेवारीत दिलेली ही डायरी सहा महिने गल्ल्याखाली पडून होती. आज काढली, कारण पोटातलं कुठंतरी ओकायला हवं. माणसांजवळ ओकलं की गावभर होतं, हे माझ्याइतकं परांड्यात कुणाला माहीत नसेल. एकेचाळीस वर्षं मेडिकल चालवतोय, तेही एसटी स्टँडसमोर.

आज पुढाऱ्याचा वाढदिवस, म्हणून दुकानासमोर आरोग्य शिबिर. मांडवापेक्षा फोटो मोठा. गेल्या आठवड्यात त्याची माणसं माझ्याकडं फुकट औषधं मागायला आली होती, मी हाकलून दिली. कुठून तरी टॉनिकच्या बाटल्या आणल्यात, तारीख ह्याच महिन्यात संपतीय. उन्हात म्हाताऱ्या बायकांची रांग. दंडाला बीपीचा पट्टा, हातात बाटली, फोटो, पुढची. एका दमेकरी बाईचा नंबर आला आणि ह्यांनी तेरखेड्याहून आणलेले फटाके लावले. बाई खोकून खोकून खाली बसली, तर तिचाही फोटो काढला. शिसारी आली.

सकाळी शिवपूजा आटोपून श्रीशैलला फोन लावला होता. आमचा एकुलता एक, अमेरिकेत डॅलसला असतो. तिकडं शनिवारची रात्र, म्हणून नात अक्षदा जागी होती. अकरा वर्षांची आहे. सांगत होती, शाळेत कुणी बंदूक घेऊन आला तर काय करायचं ह्याचा सराव घेतात. दिवे बंद करायचे, भिंतीला टेकून बसायचं, हूं की चूं करायचं नाही. "आज्जा, आमच्या वर्गात मी सगळ्यात शांत बसते," म्हणाली. कौतुकानं सांगत होती. ह्या देशाला आपण डोक्यावर घेतो. लेकरांना कवायत शिकवायच्या वयात मरण चुकवायला शिकवतात.

मग श्रीशैलनं काम काढलं. "अप्पा, एका मित्राच्या पोरीला फिट येतात. गोळ्या पाहिजेत, तीन महिन्यांच्या. कुणासंगट तरी पाठवा."

मी म्हणालो, "चिठ्ठी पाठव डॉक्टरची. पोरीच्या नावाची."

"अप्पा, ओळखीचा माणूस हाय."

"ओळखीच्या माणसालाच चिठ्ठी लागती. अनोळखी माणूस निदान लाजतो."

चिठ्ठीशिवाय मी सख्ख्या भावाला झोपेची गोळी दिली नाही, तर ह्याच्या मित्राला काय देणार!

९ ऑगस्ट

बार्शीचे भीमाशंकर आले होते. भुसार मालाचे व्यापारी, आपल्याच समाजातले. मुलाला स्थळ बघतायत. स्थळ म्हणजे किल्ल्याकडच्या रुद्रम्माची शिवरंजनी. पोरगी शाळेत शिकवते, दिसायला नीट, बोलायला त्याहून नीट.

लग्न ठरवताना लोक सोनाराकडं जायच्या अगोदर माझ्याकडं येतात. कुणाच्या घरात कुठलं दुखणं हे डॉक्टर सांगत नाही, शेजारी खोटं सांगतात. मेडिकलवाल्याला मात्र खरं माहीत असतं. पण मी कुणाबद्दल तोंडानं वाईट बोलत नाही. पोरगी धडधाकट असली की म्हणतो, "लई चांगली हाय, डोळं झाकून करा." काही असलं तर चहा मागवतो आणि म्हणतो, "सावकाश ठरवा." तेवढं पुरतं. चाळीस वर्षांत पंचक्रोशीला कळून चुकलंय.

शिवरंजनी आठवीत असल्यापासून माझ्याकडून फिटच्या गोळ्या नेते. कागदात गुंडाळून, पर्सच्या तळाशी ठेवून.

मी चहा मागवला.

भीमाशंकर चहा न संपवताच उठले. जाताना माझा हात हातात घेतला. एक घर वाचलं.

१७ ऑगस्ट, रविवार

श्रीशैलनं पुन्हा त्या मित्राचं लावलं. मित्राची नोकरी गेलीय. तिथं दवाखान्याचा विमा नोकरीला बांधलेला असतो म्हणे, नोकरी गेली की तो पण गेला. विमा नाही म्हणून डॉक्टर तपासत नाही, तपासल्याशिवाय नवी चिठ्ठी देत नाही, आणि चिठ्ठी नाही तर दुकानदार गोळी देत नाही. आणि विमा होता तेव्हा तरी काय, तपासण्या डॉक्टरनं लिहायच्या आणि कंपनीतला कुणी बाबू पोरीचं तोंड न बघता "गरज नाही" म्हणून कळवायचा. वर व्हिसाची टांगती तलवार. दोन महिन्यांत दुसरं काम बघा, नाहीतर चालते व्हा. गल्लीतले लोकसुद्धा आता विचारतात म्हणे, परत कधी जाणार.

मला किळस आली त्या देशाची. चंद्रावर माणूस पाठवला आणि एका पोरीला गोळी देता येईना. आपलं सरकारी दवाखान्यातलं डॉक्टर नसलेलं टेबलसुद्धा बरं, निदान टेबल तरी असतं.

पण त्याहून किळस मला त्या बापाची आली. तसं बोललो. "असला कसला बाप! दुसऱ्याच्या तोंडानं पोरीचं औषध मागतो. स्वतः बोलायला काय झालं? आणि पोरीचं दुखणं लपवत आसंल तर पुढं कुणाच्या गळ्यात बांधणार हाय?"

श्रीशैल म्हणाला, "बरं अप्पा."

व्हिडिओवर अक्षदा दिसली नाही. झोपली होती. शुभांगी, सूनबाई, मागं खोकी भरत होती, भिंती मोकळ्या दिसल्या. मोठं घर घेतायत वाटतं. बायकोला, शिवकांताला म्हणालो तर ती उठून स्वयंपाकघरात गेली. संध्याकाळी भाकरीला हात लावला नाही तिनं. श्रावण चालू आहे, कुठला तरी उपास असेल.

२३ ऑगस्ट

रुद्रम्मा दुकानात आली. काउंटरवर पाच-सहा गिऱ्हाइकं. तिनं आवाज चढवला नाही, तेच वाईट.

"दादा, बार्शीचं पाव्हणं माघारी फिरलं. तुमी काय सांगितलं त्यास्नी?"

"मी काहीच सांगितलं न्हाय, रुद्रम्मा. देवाशपथ."

"व्हय. तुमी काय सांगतच न्हाय. च्या पाजता." मग पदरानं तोंड पुसलं. "म्या त्यास्नी दुसऱ्या बैठकीला समदं सांगणारच हुते. पोरगीच म्हणली हुती, अव्वा, लपवून करायचं न्हाय. आमाला आमच्या तोंडानं सांगू द्यायचं हुतं."

गिऱ्हाइकं कान टवकारून. मला संताप आला. मी खोटं बोललो का? पैसे घेतले का? वर चारचौघांत मलाच गुन्हेगार करायचं! मी म्हणालो, "गोळ्या द्यायच्यात का ह्या महिन्याच्या?"

"नगं. बार्शीवरनं आणू आता. येष्टी हाय."

नाक्यावरचं औषध सोडून बार्शीला जाणार. जा म्हणावं.

२४ ऑगस्ट, रविवार

कालचं सगळं श्रीशैलला सांगितलं. मुद्दाम सांगितलं, म्हणजे त्याच्या त्या मित्रालाही कळेल की लपवाछपवी केली की शेवटी काय होतं.

त्यानं विचारलं, "तिला फिट येऊन किती वर्षं झाली, अप्पा?"

"सात-आठ झाली असतील. गोळ्या नीट घेती."

"मग?"

"मग काय! असतंच ना ते."

फोन कट झाला. रेंज गेली असावी. पुन्हा लावला तर उचलला नाही.

८ सप्टेंबर

मालाचा हिशोब लागेना. फिटच्या गोळ्यांच्या अठरा पट्ट्या कमी. दोनदा मोजल्या. दुपारी एक ते तीन मी जेवायला घरी जातो तेव्हा शिवकांता दुकानात बसते. तिला विचारलं तर म्हणाली, "मोजण्यात चुकलं आसंल तुमचं."

माझं मोजण्यात आजवर चुकलेलं नाही. मला रुद्रम्माचा संशय येतोय. दुपारी शिवकांताला बोलण्यात गुंगवून उचलल्या असणार. बार्शीला जाते म्हणे! शिवकांता ऐकून घेईना. "त्या बाईवर आळ घेऊ नका, पाप लागंल," म्हणाली, आणि रडायलाच लागली. परक्या बाईसाठी हिला एवढं रडू कुठून येतं कळत नाही.

अक्षदाला चार रविवार झाले, पाहिलेलं नाही. कधी झोपलेली, कधी मैत्रिणीकडं. तिकडची पोरं अशीच हाताबाहेर जातात.

१६ सप्टेंबर

हे तीन टप्प्यांत लिहितोय.

सकाळी अकराला श्रीपती गुरुजी दुकानात आले. माझे जुने मित्र, निवृत्त शिक्षक. बरोबर लेक वृषाली. तीही डॅलसलाच असते, महिनाभर आली होती, आज परत निघाली. बसनं कुर्डुवाडीला जायचं, आत्याकडं दुपार काढायची आणि संध्याकाळच्या गाडीनं मुंबई. पाया पडायला आली होती. हातात शिवकांतानं श्रीशैलसाठी दिलेला डबा, शेंगाचटणीचा. डबा मला जड वाटला. चटणीचं वजन मला कळतं.

मी उघडला. वर चटणी, खाली पिशवीत अठरा पट्ट्या.

माझ्याच दुकानातल्या. माझ्याच बायकोनं चोरलेल्या. त्या बेशरम मित्रासाठी! आणि विमानतळावर पकडली गेली असती तर ही पोरगी अडकली असती, गुरुजींची. डोक्यात तिडीक गेली. मी पट्ट्या काढून घेतल्या.

वृषाली म्हणाली, "काका, राहू द्या ना. मी बघते काय ते. प्लीज."

"चिठ्ठी हाय का तुझ्याकडं?"

"नाही, पण..."

"मग न्यायच्या न्हाईत. कुणीही दिल्या तरी. ध्यानात ठेव पोरी, दुसऱ्याच्या पापात आपली बॅग घालू नये."

तिचा चेहरा उतरला. तिनं वडिलांकडं पाहिलं, गुरुजींनी जमिनीकडं. मला वाटलं घाबरली. मी रिकामी झालेली जागा चटणीनं भरून डबा नीट बंद करून दिला, बसमध्ये बॅग चढवली, हातही हलवला. पट्ट्या कपाटात परत ठेवल्या आणि आकडा जुळला म्हणून बरं वाटलं. हे मुद्दाम लिहून ठेवतोय. मला बरं वाटलं होतं.

अर्ध्या तासानं शिवकांता आली. अनवाणी. बसमधून वृषालीनं तिला फोन केला होता. एवढ्या वर्षांत ती दुकानात अशी आली नव्हती. काउंटरचा लाकडी कठडा धरून म्हणाली, "ती पोरगी आपली हाय."

"कोण आपली?"

"अक्षदा. दोन वर्सं झाली. नोकरी श्रीशैलची गेलीया. मित्र-बित्र कुणी न्हाय. चार दिवसाच्या गोळ्या ऱ्हायल्यात, त्या बी अर्ध्या अर्ध्या करून देतीया शुभांगी. गेल्या आठवड्यात शाळेत फिट आली. शाळेनं गाडी बोलावली दवाखान्याची, तर शुभांगी त्या गाडीच्या आडवी झाली, नेऊ नका म्हणून. गाडीत घातलं की त्याचंच बिल आयुष्यभर फिटत न्हाय म्हणं. पोरगी फुटपाथवर शुद्धीवर आली."

मी विचारलं, "मला का सांगितलं न्हाय?"

ती म्हणाली, "तुमाला?"

एवढंच म्हणाली. गावातल्या प्रत्येक घरातलं दुखणं मला ठाऊक, आणि माझ्या घरातलं गुरुजींना ठाऊक, वृषालीला ठाऊक.

वृषालीला फोन लावला. म्हणाली, "आणून द्या काका, मी नेते. पण चिठ्ठी आणा. मघाशी तुम्हीच म्हणालात, आणि बरोबरच म्हणालात."

डॉक्टरांकडं गेलो. दवाखाना गच्च भरलेला, बाकावर ओळखीचे चेहरे, सगळी माझी गिऱ्हाइकं. दार उघडंच होतं. डॉक्टर म्हणाले, "लिहितो की. नाव सांगा पेशंटचं."

बाहेरची कुजबुज थांबली. मेडिकलवाला कुणासाठी फिटच्या गोळ्या लिहून घेतोय, हे ऐकायला.

अक्षदा म्हणायचं होतं. तीन अक्षरं. मी तिच्या बारशाला मोठ्यानं म्हटलेली.

मी म्हणालो, "शिवरंजनी. रुद्रम्माची. चिठ्ठी हरवलीय तिची, मला सांगून गेलीय."

डॉक्टरांनी मान वर न करता लिहून दिलं. बाकावरच्या बायकांनी एकमेकींकडं बघितलं. एकीनं "अगं बाई" म्हटलेलं मला ऐकू आलं. ज्यांना आजवर माहीत नव्हतं त्यांनाही माहीत झालं.

जीप करून कुर्डुवाडी गाठली. गाडीला अजून वेळ होता. वृषालीनं पट्ट्या घेतल्या, चिठ्ठी वाचली.

"काका, हे कुणाचं नाव?"

"चालतं. गोळी तीच हाय."

"पण ही मुलगी कोण?"

मी जीपवाल्याचे पैसे मोजायला लागलो. शिबिरातल्या पुढाऱ्याकडं मी जसं पाहिलं होतं, तसं तिनं माझ्याकडं पाहिलं. मग चिठ्ठीची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि पाया न पडता आत्याच्या घराकडं वळली. बरोबर केलं.

१९ सप्टेंबर

वृषाली पोचली. डबा पोचला. श्रीशैलनं शिवकांताला फोन केला, मला मागितलं नाही.

माझ्या हाताला वास येतोय चटणीचा. तीन दिवस साबण लावतोय.

२८ सप्टेंबर, रविवार

आज फोनवर अक्षदा दिसली. हडकलीय. कपाळावर जखमेची खूण. नवं घर म्हणजे एका खोलीचं आहे, मागं खोकी तशीच. श्रीशैल आता परत येणार का राहणार, माहीत नाही. मी विचारलं नाही. विचारायचा अधिकार कुठं ठेवलाय मी.

मी पोरीला म्हणालो, "गोळी घेतलीस का?" आयुष्यात पहिल्यांदा.

ती बापाकडं बघायला लागली. आज्जाला सांगायचं नाही, असं तिला दोन वर्षं शिकवलेलं. भिंतीला टेकून शांत बसायला ती शाळेतच शिकली असं मला वाटत होतं.

श्रीशैल म्हणाला, "सांग. आज्जाला माहितीय."

मग तिनं एक कागद कॅमेऱ्यासमोर धरला. ती चिठ्ठी. वृषालीनं गोळ्यांबरोबर दिलेली. तिला इंग्रजीतलं नाव वाचता येत होतं.

"आज्जा, शिवरंजनी कोण आहे? तिला पण माझ्यासारखं होतं?"

"व्हय."

"ती किती मोठी आहे?"

"चोवीस-पंचवीस वर्षांची."

"म्हणजे मोठी झाली ती!" पोरगी हरखून गेली. "ती काय करते?"

"शाळेत शिकवती."

"सगळ्या मुलांसमोर उभी राहून? मग ती छान असेल ना?"

मी म्हणालो, "लई चांगली पोरगी हाय." ऑगस्टच्या नऊ तारखेला भीमाशंकरसमोर एवढंच म्हणायचं होतं. तेव्हा चहा मागवला.

२९ सप्टेंबर

सकाळी दुकान न उघडता किल्ल्याकडं गेलो. रुद्रम्मा दारात भांडी घासत होती. शेजारची हरणाबाई ओट्यावर गहू निवडत बसलेली. हरणाबाईच्या कानावर गेलं की दुपारपर्यंत गावात जातं. परत फिरावं वाटलं. पाय खरोखर वळले होते.

मग उभ्यानंच सांगितलं. मोठ्यानं. माझी नात अक्षदा, अकरा वर्षांची, तिला फिट येतात. तिच्यासाठी मी डॉक्टरकडं तुमच्या पोरीचं नाव सांगितलं. माझ्या नातीचं तोंडातून निघालं नाही.

हरणाबाईचा हात सुपात थांबला.

रुद्रम्मानं हातातलं भांडं खाली ठेवलं. हात राखेनं माखलेले, तसेच धरून बसली. शाळेला निघालेली शिवरंजनी आतून आली. तिनं सगळं ऐकलेलं होतं. मला वाटलं आता ही बोलेल, बोलू दे.

ती म्हणाली, "अर्धी गोळी देत होते का तिला?"

"व्हय."

"तसं करू नका म्हणावं. आन वेळ चुकवायची न्हाय, जागरण करायचं न्हाय. परीक्षेच्या दिवसात जास्त जपायचं. बाकी कायबी होत न्हाय, समदं करता येतं." पर्समधून पेन काढलं, माझ्या हातावरच नंबर लिहिला, कागद शोधत बसली नाही. "बोलावंसं वाटलं तर तिला म्हणावं, मला फोन कर."

ती गेली. मी रुद्रम्मासमोर उभा. म्हणालो, "शिव्या दे मला."

तिनं भांडं पालथं घातलं. "कशाला देऊ? तुमचं बी लेकरूच हाय." मग दुसरं भांडं हातात घेतलं. "तुमची नात मोठी झाली, बघायला पाव्हणं आलं, आन कुणी इकडं इचारायला आलं तर मी सांगीन, दादा. लई चांगली हाय म्हणून. डोळं झाकून करा म्हणून."

मला शिवी हवी होती. ती मिळाली असती तर मी घरी जाऊन जेवलो असतो.